जमीनदाराचा डाव : शिकविण्यासाठी रचलेल्या एका खेळाची पाठपरंपरा

एखादा खेळ शिकविण्याच्या हेतूने रचला म्हणजे त्याची परीक्षा दोन वेळा व्हावी लागते. खेळ चालतो की अडतो, हे पहिल्या परीक्षेत कळते. रचणाराला अभिप्रेत असलेला बोध खेळणाराच्या मनात उतरतो की नाही, हे दुसऱ्या परीक्षेत. पहिलीला फारसे कष्ट नाहीत. चार माणसे पटाभोवती बसली की दोन तासांत नियमांतील छिद्रे उघडी पडतात. दुसरी परीक्षा अवघड आहे, कारण खेळणारा रंगात आलेला असताना तो काय शिकत आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. बहुतेक वेळा पहिल्या परीक्षेच्या यशावरून दुसरीचेही यश गृहीत धरले जाते.

या गृहीताची किंमत किती मोठी असू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी रचलेला 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजेच 'जमीनदाराचा डाव'. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागविते हे दाखविण्यासाठी रचलेला हा खेळ पुढे 'मोनॉपली', म्हणजे 'मक्तेदारी', याच नावाने जगभर गेला आणि मक्तेदार होण्याची हौस भागविण्याचे साधन बनला. चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाने बाईंचा खेळ चोरला, अशा रूपात ही कथा हल्ली सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. डॅरोच्या हाती खेळ पडला त्यापूर्वीच त्याचा अर्थ उलटला होता, आणि तो कोणा एका लबाड माणसाने उलटविला नव्हता. तो खेळणारांनी, खेळता खेळता, एकेक नियम घासून पुसून उलटविला. हा व्यवहार बराचसा मौखिक परंपरेतील ग्रंथाच्या पाठांतराप्रमाणे झाला असल्याने त्याच पद्धतीने तो तपासणे सोयीचे आहे.

मॅगी यांचा जन्म १८६६ मध्ये इलिनॉय राज्यातील मॅकोम या गावी झाला. वडील जेम्स मॅगी वृत्तपत्र चालवीत. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत ते होते आणि लिंकन व डग्लस यांच्या १८५८ मधील गाजलेल्या वादविवादांच्या वेळी ते लिंकनबरोबर फिरले होते. त्यांच्याकडूनच मुलीच्या हाती हेन्री जॉर्ज याचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा १८७९ मधील ग्रंथ आला. बाई पुढे वॉशिंग्टन येथे लघुलेखिका म्हणून नोकरी करीत. टंकलेखनयंत्रात कागद सुलभपणे सरकावा म्हणून सुचविलेल्या एका सुधारणेचे पेटंट त्यांना १८९३ मध्येच मिळाले होते. कल्पना सुचली की तिचा नमुना करून पाहावयाचा आणि तो कायद्याने आपल्या नावावर करावयाचा, ही त्यांची सवय खेळाच्याही आधीची होती.

जॉर्ज याचे प्रतिपादन थोडक्यात असे : जमिनीला जी किंमत येते ती मालकाच्या श्रमाने येत नाही, भोवतालचा समाज वाढतो म्हणून येते. तेव्हा जमिनीचा खंड समाजाने कररूपाने घ्यावा आणि श्रमावरील व मालावरील सर्व कर रद्द करावेत. यालाच एककरवाद म्हणतात. महाराष्ट्रातील महसुलाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला यातील पूर्वार्ध परिचयाचा वाटेल. रिकार्डोच्या खंडसिद्धांताचे संस्कार घेऊन आलेल्या प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाची मोजदाद करून सारा ठरविण्याचा जो प्रयोग केला, तो याच विचाराच्या मुळाशी असलेल्या सिद्धांतावर उभा होता. तो फसला आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून निराळ्या पायावर पाहणी आरंभिली. प्रिंगलचा सिद्धांत पुस्तकात निर्दोष होता. रयतेच्या शेतात तो चालेना. मॅगी यांच्या वाट्याला याच्या नेमका उलट अनुभव आला. त्यांचा पट फार चांगला चालला.

खेळाची पहिली छापील माहिती 'सिंगल टॅक्स रिव्ह्यू' या एककरवाद्यांच्या नियतकालिकाच्या १९०२ च्या शरद अंकात बाईंनी स्वतः दिली. जमीन बळकाविण्याच्या चालू पद्धतीचे व तिच्या परिणामांचे प्रत्यक्ष दर्शन घडविणे हा हेतू त्यांनी त्यात स्पष्ट केला आहे. मुलांना हा अन्याय एकदा डोळ्यांनी दिसला म्हणजे मोठेपणी ती तो दूर करतील, अशी त्यांची आशा होती. मार्च १९०३ मध्ये पेटंटासाठी अर्ज झाला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ७४८६२६ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

या पेटंटातील आकृती हा उपलब्ध पाठांपैकी आदिपाठ होय. चौकोनी पट, प्रत्येक बाजूस नऊ घरे आणि चार कोपरे, एकूण चाळीस. तोवरच्या अमेरिकन खेळांत सोंगटी सामान्यतः एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जाई. येथे ती गोल फिरत राहते. एका कोपऱ्यात 'धरित्रीमाता' असून तिच्यावर केलेल्या श्रमाने वेतन मिळते, असे तेथे लिहिलेले आहे. ते घर ओलांडले की शंभर डॉलर मिळावयाचे. दुसऱ्या कोपऱ्यात तुरुंग. तिसऱ्यात एका भागात सार्वजनिक उद्यान व दुसऱ्या भागात निर्धनांचे आश्रयगृह. चौथ्या कोपऱ्यातील जमीन लंडन येथील लॉर्ड ब्ल्यूब्लड या सरदाराची; तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्याने सरळ तुरुंगात जावयाचे. बाजूंच्या मध्यावर आगगाड्या, अन्यत्र विकाऊ जमिनी, आणि अधूनमधून अन्न, वस्त्र, निवारा यांसाठी पैसे मोजावयास लावणारी घरे. दिव्यांचा व ट्रामचा मक्ता घेतलेल्या कंपन्यांना बाईंनी लुबाडणूक सुचविणारी थट्टेखोर नावे दिली आहेत. ज्याच्याजवळ देण्यास पैसा उरला नाही आणि ज्याला कोणी उसने देत नाही, त्याची रवानगी आश्रयगृहात. ठरावीक फेऱ्या झाल्या की ज्याची संपत्ती अधिक, त्याचा डाव.

हा पट वाचावयाचा असतो हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यावरील प्रत्येक घर हे जॉर्जच्या अर्थशास्त्रातील एक विधान आहे. परका जमीनदार, श्रमाचे वेतन, सर्वांना मोकळे असे एकच उद्यान, आणि त्याला लागूनच दारिद्र्याचे घर, ही रचना योगायोगाची नाही. ज्याने मूळ ग्रंथ वाचला आहे त्याला पटावर ग्रंथ दिसेल. ज्याने वाचला नाही त्याला काय दिसेल, हा प्रश्न बाईंनी पुरेशा कठोरपणे विचारलेला दिसत नाही.

कारण खेळाची पहिली मोठी परीक्षा झाली ती श्रद्धावंतांमध्ये. डेलावेअर राज्यातील आर्डेन हे गाव १९०० मध्ये फ्रँक स्टीफन्स व विल प्राइस यांनी एककरवादाच्या तत्त्वावर वसविले होते. तेथे जमीन सामायिक. राहणारे लोक भाडेपट्ट्याने घर बांधीत आणि जमिनीचा खंड गावाच्या खजिन्यात भरीत. अशा गावात जमीनदाराचा डाव आला आणि लोकप्रिय झाला. लोकांनी आपापले पट लाकडावर व कापडावर हातांनी काढले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इकॉनॉमिक गेम कंपनी'ने छापील प्रतही काढली. तथापि खेळ पसरला तो मुख्यतः या हाती पटांवरून. आर्डेनच्या रहिवाशांना मक्तेदारीची दुष्टता पटावरून शिकावयाची नव्हती. ती शिकूनच ते तेथे राहावयास आले होते. भाड्याखाली चिरडला गेलेला खेळाडू हसे, कारण त्या चिरडण्याचा अर्थ त्याला आधीपासून ठाऊक होता. भाषेच्या अभ्यासात एक सामान्य दक्षता घेतली जाते : ज्याला वाक्याचा अर्थ आधीच सांगितला आहे, त्याला ते वाक्य समजले की नाही हे विचारून काही निष्पन्न होत नाही. आर्डेनमधील परीक्षा नेमकी तशी होती.

आर्डेनला राहणाऱ्यांपैकी स्कॉट निअरिंग हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन विद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत. मक्तेदारीचे समाजविघातक स्वरूप दाखविण्यासाठी त्यांनी हा खेळ आपल्या विद्यार्थ्यांत आणला. शिक्षणाच्या दृष्टीने खेळाचा सर्वांत सफल प्रयोग बहुधा हाच असावा. पटावर जे घडे त्याचा अर्थ सांगण्यास येथे शिक्षक समोर होता. मुलाबाळांना कामाला जुंपण्याच्या प्रथेविरुद्ध व अन्य आर्थिक प्रश्नांवर निर्भीडपणे बोलणाऱ्या निअरिंग यांना विद्यापीठाने १९१५ मध्ये काढून टाकले. त्यांचे विद्यार्थी तत्पूर्वीच पदव्या घेऊन आपापल्या गावी गेले होते आणि जाताना पट घेऊन गेले होते. एका विद्यार्थ्याने आपल्या चुलतभावंडांना शिकविला, त्याने शेजाऱ्यांना. अशा रीतीने १९१५-१६ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातील रेडिंग परिसरात खेळ पोहोचला. अन्य विद्यापीठांच्या वसतिगृहांतही तो शिरला.

सूत्र व भाष्य यांचा जो संबंध शास्त्रग्रंथांत असतो तो येथे आठवतो. सूत्र आटोपशीर, म्हणून ते प्रवासाला निघते. भाष्य गुरूच्या मुखी असते, ते मागे राहते. पट आणि नियम ही सूत्रे होती. निअरिंग यांचे व्याख्यान हे भाष्य होते. वसतिगृहातील मुलांनी सूत्र नेले, आणि खेळाचे नावही बदलले. 'जमीनदाराचा डाव' म्हणताना जमीनदार हा पाहण्याचा विषय असतो. 'मक्तेदारी' या नावात ती मिळविण्याचे आमंत्रण येते. हे नाव कोणी व केव्हा प्रथम वापरले, यापेक्षा ते सर्वत्र एकाएकी नैसर्गिक कसे वाटू लागले हे अधिक महत्त्वाचे आहे. खेळणारांनी खेळाला जे नाव दिले ते त्यांना खेळात जे सापडले त्याचे होते.

याच काळात एक मोठी गळती झाली. बाईंनी खेळाला उत्तरार्ध जोडला होता. मक्तेदारीचे परिणाम भोगून झाले की खेळाडूंनी संमतीने एककराची पद्धत लागू करावयाची आणि मग तोच पट नव्या नियमांनी खेळावयाचा. यात जमिनीचे भाडे मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक कोषात जाते, कोष भरत गेला की दिव्यांची कंपनी, ट्राम, आगगाड्या सार्वजनिक होतात, वेतन वाढते. १९३२ च्या छापील आवृत्तीत या उत्तरार्धाला 'समृद्धी' असे स्वतंत्र नावच दिलेले आहे. त्यात डाव केव्हा संपतो? ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसा आहे त्याची मूळ रक्कम दुप्पट झाली म्हणजे. विजयाची अशी व्याख्या करणारा खेळ त्या काळात दुसरा क्वचितच असेल. विचार म्हणून ती विलक्षण आहे. परंतु १९१० च्या दशकात जे पट हातोहात फिरत होते त्यांवर हा उत्तरार्ध जवळजवळ खेळलाच जात नव्हता. मक्तेदारीचा पूर्वार्ध तेवढा उरला, आणि त्यात जो प्रथम ज्या जमिनीवर उतरेल त्या जमिनीचा सर्वांत लिलाव पुकारावयाचा, हा नियम लोकप्रिय झाला. 'लिलावाची मक्तेदारी' या नावानेही तो खेळ ओळखला जाई.

उत्तरार्ध का गळला, याचे उत्तर खेळणारांच्या स्वार्थीपणात शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. रात्री उशिरापर्यंत एक डाव खेळून थकलेली मंडळी पुन्हा तोच पट, भांडणाचे कारण काढून घेतलेल्या स्वरूपात, मांडावयास उत्सुक नसणारच. पूर्वार्धात तणाव होता, सौदे होते, सूड होता; उत्तरार्धात न्याय होता. शिवाय पूर्वार्धात जिंकणारा एक होता आणि त्याला जिंकल्याचे सुख होते. मॅगी यांना ज्या गोष्टीची चीड खेळाडूंच्या मनात निर्माण करावयाची होती, तिलाच त्यांनी विजयाचे पारितोषिक जोडले होते. पराभूत चौघांना जमीनदारीचा जाच कळेलही. पण पराभूत माणूस पुढच्या शनिवारी जमीनदारी रद्द करण्याची मागणी करीत नाही, तो या खेपेस आपण जमीनदार व्हावे एवढेच म्हणतो. रचनेतला हा दोष पहिल्या परीक्षेत दिसत नाही. उलट तेथे तो गुण म्हणून दिसतो, कारण त्याच्यामुळेच खेळ रंगतो.

मौखिक परंपरेत शब्द टिकतो आणि त्याचा अर्थ झिजतो, ही गोष्ट पटाच्या कोपऱ्यांवरून जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. 'धरित्रीमाता' गेली आणि तेथे 'निघा' अशी आज्ञा आली. तथापि ते घर ओलांडताना पैसे मिळण्याचा नियम राहिला, आणि त्या पैशाला आजही पगारच म्हणतात. कशाचा पगार, हे कोणी विचारीत नाही. श्रमाशी जोडलेला धागा तुटला, नाम तेवढे लोंबत राहिले. सार्वजनिक उद्यानाचे रूपांतर पुढे 'मोफत वाहनतळ' यात झाले. ज्या पटावर पाऊल टाकील तेथे पैसे मोजावे लागतात, त्यावर एका कोपऱ्यात कोणालाच काही का द्यावे लागत नाही, याचे स्पष्टीकरण आजच्या खेळाडूजवळ नाही. सामायिक जमीन कोणाच्या मालकीची नसते म्हणून तेथे भाडे नाही, हे मूळ उत्तर. अनेक कुटुंबांनी हे निरर्थक झालेले घर सार्थ करण्यासाठी तेथे दंडाची रक्कम साठवून उतरणाऱ्यास देण्याचा घरगुती नियम केला. अर्थ हरवलेल्या शब्दाची नवी व्युत्पत्ती लोक करतात, त्यातलाच हा प्रकार. निर्धनांचे आश्रयगृह मात्र पूर्ण पुसले गेले. तुरुंग राहिला. भारतातील घरांत 'व्यापार' या नावाने जो पट मांडला जातो त्याच्या कोपऱ्यांवर तुरुंगाच्या सोबतीला 'क्लब' आणि 'रेस्ट हाऊस' आले आहेत; म्हणजे उद्यान व आश्रयगृह यांच्या जागी आता सुखवस्तू माणसाच्या विश्रांतीची सोय आहे.

पाठ बदलले म्हणून ते नेहमी बिघडलेच असे नव्हे. खेळ म्हणून पाहिल्यास या अनाम परीक्षकांनी मोठी कामगिरी केली. जमिनींचे गट पाडणे, पूर्ण गट हाती आला की भाडे वाढविणे, त्यावर घरे बांधणे, या ज्या गोष्टींमुळे आजचा खेळ ओळखला जातो त्यांचा १९०४ च्या पेटंटात मागमूस नाही. आपापल्या गावाच्या रस्त्यांची नावे पटावर घालण्याची प्रथाही फार फोफावली. एकट्या रस्त्यांच्या नावांवरून एखादा पट कोठे तयार झाला हे सांगता येते, जसे एखाद्या हस्तलिखिताचे स्थान त्यातील बोलीवरून सांगता येते. मॅगी यांनीही २३ सप्टेंबर १९२४ रोजी, विवाहोत्तर एलिझाबेथ मॅगी फिलिप्स या नावाने, सुधारित खेळाचे नवे पेटंट घेतले. कर्त्रीचा पाठ आणि लोकांचा पाठ असे दोन प्रवाह येथून समांतर वाहू लागले.

लोकप्रवाहाची एक शाखा इंडियानापोलिसला गेली. डॅनियल लेमन याने विल्यम्स महाविद्यालयात शिकलेला हा खेळ १९३२ मध्ये 'फायनान्स' या नावाने विक्रीस काढला. 'मोनॉपली' हे नाव त्याने का घेतले नाही, याचे त्याने पुढे न्यायालयात दिलेले कारण भाषेच्या अभ्यासकाने नोंद घेण्यासारखे आहे : हे नाव इतक्या गावांत इतके लोक या खेळासाठी वापरीत होते की ते सार्वजनिक झाले आहे, असे त्याच्या वकील मित्रांचे मत पडले. इंडियानापोलिसमध्ये हा खेळ शिकलेल्या रूथ हॉस्किन्स या शिक्षिकेने तो अटलांटिक सिटी येथील क्वेकरपंथी मंडळींत नेला. तेथे १९३० च्या आसपास पटावर त्या शहराचे रस्ते आले. लिलाव जाऊन जमिनींच्या किमती पटावरच लिहिल्या गेल्या. मुलांना व नवशिक्यांना बोली लावणे जमत नाही हे त्यामागील कारण असणे संभवनीय आहे. हा पट चार्ल्स टॉड याच्यामार्फत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स डॅरोपर्यंत आला. डॅरो त्या वेळी बेकार होता. त्याने नियमांची लेखी प्रत मागून घेतली, मेणकापडावर पट रंगविले, ते विकले, आणि खेळ आपल्यालाच सुचला असे सांगितले.

येथे पाठचिकित्सेचा एक पाठ्यपुस्तकी प्रसंग उभा राहतो. अटलांटिक सिटीच्या शेजारी 'मार्व्हेन गार्डन्स' नावाची वसाहत आहे; मार्गेट व व्हेंटनर या दोन गावांच्या नावांच्या आद्याक्षरांची संधी करून हे नाव सिद्ध झाले. टॉडने आपल्या पटावर ते चुकून 'मार्व्हिन' असे लिहिले. डॅरोच्या पटावर 'मार्व्हिन' आहे. कंपनीच्या छापील पटावरही 'मार्व्हिन'च आहे. दोन पोथ्यांत एकच बरोबर पाठ आढळला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन्हींत एकच चूक आढळली तर एक दुसरीवरून उतरली हे सिद्ध होते. महाभारताच्या भांडारकर संस्थेतील चिकित्सित आवृत्तीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा दंडक नवा नाही. डॅरोचा कर्तृत्वाचा दावा एका अक्षराने खोटा ठरविला. कंपनीने या अशुद्धाबद्दल त्या वसाहतीची क्षमा मागितली, तीही १९९५ मध्ये.

पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९३४ मध्ये डॅरोचा खेळ प्रथम नाकारला. बावन्न मूलभूत चुका काढून तो परत केला, अशी आख्यायिका कंपनीनेच पुढे पसरविली. आकडा सोडून दिला तरी आक्षेपांचे स्वरूप बोधक आहे : खेळ फार लांबतो, नियम किचकट आहेत, सोंगटी कोठे पोहोचत नाही, नुसती फिरते. खेळाच्या व्यापारात मुरलेल्या तज्ज्ञांची ही परीक्षा. आणि तीस वर्षे शेकडो घरांत झालेल्या परीक्षेने ती खोटी पाडली. फिलाडेल्फियातील दुकानांतून डॅरोच्या प्रती खपू लागल्यावर १९३५ मध्ये कंपनीने खेळ विकत घेतला, व त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला डॅरोच्या नावे पेटंटही मिळाले. वाटेत मॅगी यांचे १९२४ चे पेटंट होते. ते कंपनीने बाईंकडून पाचशे डॉलरला घेतले. खपावर हिस्सा नाही. त्यांचे आणखी दोन खेळ आणि मूळ 'जमीनदाराचा डाव' छापण्याचे आश्वासन मिळाले, आणि ते पाळलेही गेले. १९३९ मध्ये मूळ खेळ निघाला, पण तो चालविण्याची आच कंपनीला नव्हती आणि तो लवकरच दृष्टिआड झाला.

त्या व्यवहारात बाई फसल्या असे म्हणावे की त्या आपल्या बोधाच्या लोभाने सह्या करून बसल्या असे म्हणावे, हे ठरविणे कठीण आहे. मोठ्या प्रकाशकाच्या हातून एककराचा विचार घरोघर जाईल, या आशेपुढे पैशाचा प्रश्न त्यांना गौण वाटला असावा. जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांत त्यांनी आपले जुने पट हाती धरून छायाचित्र देऊन डॅरोच्या दाव्याचा प्रतिवाद केला, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या बाईंना काय कळून चुकले होते ते त्या छायाचित्रातील मुद्रेवरून उमगते. १९४० च्या जनगणनेत त्यांनी व्यवसाय 'खेळ तयार करणे' असा लिहविला आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ मध्ये त्या वारल्या. कंपनीच्या पुठ्ठ्याच्या पेटीत नियमांसोबत डॅरोची कथा छापली जात राहिली.

हा सर्व वृत्तान्त उजेडात आला तो दुसऱ्या एका शैक्षणिक खेळामुळे. सॅन फ्रान्सिस्को येथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अॅन्स्पाक यांनी १९७३ मध्ये 'अँटी-मोनॉपली' हा खेळ काढला. मक्तेदाऱ्या आधीच अस्तित्वात आहेत आणि खेळाडूंनी त्या मोडावयाच्या, अशी त्याची मांडणी. म्हणजे मॅगी यांच्या खेळाचा उलटलेला अर्थ त्यांनी, मॅगी यांचे नावही ठाऊक नसताना, पुन्हा सुलटा करण्याचा प्रयत्न केला. नावाच्या साधर्म्यावरून व्यापारचिन्हाचा दावा उभा राहिला, आणि बचावासाठी पुरावा शोधता शोधता ते जुन्या पेटंटांपाशी, रेडिंगच्या व अटलांटिक सिटीच्या वृद्ध खेळाडूंपाशी, त्यांच्या माळ्यावरच्या मेणकापडांपाशी पोहोचले. १९७७ मध्ये खालच्या न्यायालयाच्या निकालानंतर त्यांच्या खेळाच्या सुमारे ४०,००० प्रती मिनेसोटातील मँकेटो येथे जमिनीत पुरण्यात आल्या. परंतु अपील न्यायालयात प्रश्न निराळा झाला : 'मोनॉपली' हा शब्द लोकांच्या तोंडी एका कंपनीच्या मालाचे नाव आहे, की एका खेळाचे सामान्यनाम?

याचे उत्तर मिळविण्यासाठी ग्राहकांची पाहणी झाली. हाच खेळ खेळावयाचा आहे, कोणी का केला असेना, असे ६५ टक्के ग्राहकांनी सांगितले. या कंपनीचा माल आवडतो म्हणून घेतो असे ३२ टक्क्यांनी. १९८२ मध्ये न्यायालयाने शब्द सामान्यनाम झाल्याचे मान्य केले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. मोठ्या व्यापारी कंपन्यांत खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा दुरुस्त करून, ग्राहकाने वस्तू कोणत्या प्रेरणेने घेतली यावरून नावाचे सामान्यत्व ठरवू नये, असे घालून दिले. अॅन्स्पाक यांच्याशी कंपनीने तडजोड केली व त्यांचा खेळ परवान्याने विकला जाऊ लागला.

या खटल्यातील साक्षीपुराव्यांमुळे मॅगी यांचे कर्तृत्व निर्विवाद प्रस्थापित झाले. त्यांच्या उत्तरार्धाचे तसे झाले नाही. १९०४ पासूनच्या पटांचे जे नमुने हाती आहेत ते बोटांनी झिजलेले, दुरुस्त केलेले, नव्या नावांनी पुन्हा रंगविलेले आहेत. त्यांवर कोणत्या घरी भांडणे झाली असतील हे शाईच्या खाडाखोडीवरून तर्काने सांगता येते. 'समृद्धी'च्या नियमांवर खाडाखोड झाल्याचा असा पुरावा पुढे आलेला नाही. दुरुस्त करण्याइतके ते कोणी खेळलेच नसावे.